उलंगवाडीपूर्वीची तजवीज

‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ अशी म्हण जुन्या काळापासून चालत आली आहे. काळ्या कसदार जमिनीत पिकणाऱ्या कापसाने अमरावती, अकोला, खामगाव या पेठा नावारूपास आणल्या. कारंजा येथे १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. माल विकावा कसा, याचा विचार या प्रदेशात सव्वाशे वर्षांपूर्वीच झाला होता. परंतु विकलेल्या मालाचा पैसा जन्मभर पुरवावा कसा, हा विचार मात्र अजूनही फार थोड्या घरांत झालेला दिसतो.

कपाशीचा शेवटचा वेचा संपला, पऱ्हाटी उभी राहिली आणि वावर गुराढोरांस मोकळे झाले, म्हणजे शेतकरी ‘उलंगवाडी झाली’ असे म्हणतो. उलंगवाडीनंतर त्या वावरातून काही येणे नसते. माणसाच्या आयुष्यालाही अशी एक उलंगवाडी असते. हातापायांतील बळ सरते, डोळ्यांना कमी दिसू लागते, डवऱ्यामागे दिवसभर चालवत नाही. हा दिवस येणार हे प्रत्येकास ठाऊक असते. त्याची तजवीज करणारे मात्र विरळा.

शेतकऱ्याला सेवानिवृत्ती नाही

राज्य शासनाच्या सेवेतील बहुसंख्य कर्मचारी ५८ व्या वर्षी निवृत्त होतात. त्यांच्या म्हातारपणाची काही तरी सोय नोकरीच्या पहिल्या महिन्यापासून पगारातूनच होत असते. शेतकऱ्याचे तसे नाही. त्याला कोणी निवृत्त करीत नाही आणि त्याच्या मिळकतीतून कोणी काही बाजूस काढून ठेवीत नाही. ‘जमीन हीच माझी पेन्शन आणि पोरगा हाच माझा विमा,’ अशी त्याची समजूत असते.

ही समजूत पूर्वी खोटी नव्हती. एकत्र कुटुंबात वीस-पंचवीस एकर वावर, चार-पाच कर्ते हात आणि कणगीत ज्वारी असली, म्हणजे म्हाताऱ्यांस भाकरीची विवंचना नसे. आज दोन-तीन पिढ्यांच्या वाटण्यांनी तेच वावर चार-पाच एकरांवर आले आहे. ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. तेव्हा घरातील धान्य व गुरांचा कडबा दोन्ही विकत घेण्याची पाळी आली. मुलगा पुण्यास किंवा नागपुरास कामाला गेला, तर त्याच्या मिळकतीत त्याचाच संसार जेमतेम भागतो. जमीन व मुलगा हे दोन्ही आधार अजून आहेत. पण त्यांच्यावर पूर्वीइतका भार टाकता येत नाही. म्हणून तिसरा आधार उभा करणे अगत्याचे झाले आहे, आणि तो ज्याचा त्याने हातपाय चालत असतानाच उभा केला पाहिजे.

येथे एक आक्षेप निश्चित घेतला जाईल. ‘लावलेला खर्च निघत नाही, तेथे शिल्लक कशाची टाकावी?’ हा आक्षेप खोटा नाही. पाऊस आणि भाव या दोन्ही गोष्टी शेतकऱ्याच्या हाती नाहीत. आणि ज्या वर्षी पेरणी दोनदा करावी लागते, त्या वर्षी बचतीचा उपदेश करणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. सबब पुढील विवेचन हे भावाच्या व पाण्याच्या प्रश्नावरचे उत्तर आहे, असे कोणी समजू नये. परंतु दहा वर्षांत दोन-तीन वर्षे तरी बरी जातात. त्या वर्षांचा पैसा कोठे जातो, एवढाच प्रश्न येथे आहे.

घरातील चढउतार निधी

महाराष्ट्रात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना चालली. ती आता इतिहासजमा झाली आहे. तिच्या गुणदोषांबद्दल मतभेद असतील. पण तिच्यातील एक कल्पना प्रत्येक घराने उचलावी अशी होती. तेजीच्या वर्षी झालेल्या नफ्याचा काही अंश ‘भाव चढउतार निधी’ म्हणून बाजूस ठेवावयाचा आणि मंदीच्या वर्षी त्यातून तूट भरावयाची, अशी ती कल्पना होती. असाच निधी प्रत्येक कुटुंबाने स्वतःपुरता निर्माण केला पाहिजे.

वऱ्हाडातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो तो ऑक्टोबर ते फेब्रुवारी या पाच महिन्यांत : आधी सोयाबीन, मग कापूस, शेवटी तूर. खर्च मात्र बारा महिने चालतो. त्यामुळे माल विकल्याबरोबर हाती आलेली रक्कम वर्षाची मिळकत आहे हे विसरून ती महिन्याची मिळकत असल्याप्रमाणे खर्च होते. यावर साधा नियम असा की, पट्टी हाती पडली त्याच आठवड्यात तिचे चार वाटे करावेत. पहिला वाटा सोसायटीचा अथवा बँकेचा, दुसरा येत्या खरिपाच्या बी-खताचा, तिसरा घरखर्चाचा आणि चौथा राखीव. चौथा वाटा शेकडा पाच इतका लहान असला तरी चालेल, पण तो इतर तिघांनंतर उरला तर ठेवावा असा असू नये. उरल्यावर ठेवू म्हणणाऱ्याचे कधीच उरत नाही.

पहिला वाटा सोसायटीचा सांगितला, त्यास कारण आहे. मुदतीत परतफेड करणाऱ्या शेतकऱ्यास तीन लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज केंद्राच्या व राज्याच्या व्याजसवलतीमुळे बिनव्याजी पडू शकते. राज्याच्या या सवलतीस डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव दिलेले आहे, आणि ते सर्वथा उचित आहे. पापळ गावच्या या सुपुत्राने १९३० नंतरच्या मंदीत वऱ्हाडातील कर्जबाजारी कुणब्यासाठी कर्ज लवाद कायदा व्हावा म्हणून परिश्रम घेतले. असे असता अनेक कास्तकार २००८, २०१७ व २०१९ च्या कर्जमाफ्या स्मरून ‘पुन्हा माफी येईल’ या आशेवर परतफेड थांबवितात. माफी येईल की नाही हे कोणी सांगू शकत नाही. पण खाते थकले की नवे कर्ज बंद होते, हे मात्र निश्चित. मग पेरणीच्या तोंडावर खाजगी सावकाराचे दार गाठावे लागते, आणि तेथे ‘शेकडा तीन’ हा दर महिन्याचा असतो. एक लाख रुपयांवर शेकडा तीन म्हणजे वर्षास ३६ हजार रुपये. तीन वर्षांत नुसते व्याजच एक लाख आठ हजार होते आणि मुद्दल जागच्या जागी राहते.

संसाराचा आरंभ

वीस ते तीस हे वय मोठ्या शिल्लकीचे नसते, संरक्षणाचे असते. घरचा कर्ता पुरुष सर्पदंशाने, विजेच्या धक्क्याने किंवा अपघाताने गेला, तर तरुण विधवा आणि लहान मुले यांच्या वाट्यास कर्ज तेवढे येते. याकरिता वर्षास २० रुपये भरून दोन लाखांचे अपघात संरक्षण देणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आणि ४३६ रुपयांत दोन लाखांचे जीवनसंरक्षण देणारी जीवनज्योती विमा योजना, या दोहोंत नवरा-बायको दोघांचीही नावे असावीत. उभयतांचा मिळून वर्षाचा खर्च ९१२ रुपये येतो. ही रक्कम खात्यातून आपोआप वळती होते; म्हणून मे महिन्याच्या अखेरीस खात्यात तेवढी शिल्लक ठेवण्याचा विसर पडू देऊ नये. विसर पडला की विमा तुटतो. याखेरीज राज्याची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. तीत शेतकऱ्यास काहीही भरावे लागत नाही. परंतु अपघाती मृत्यूनंतर पंचनामा व शवविच्छेदन झालेले नसेल, तर हक्क सिद्ध करणे कठीण जाते. दुःखाच्या प्रसंगी घरच्यांस हे सुचत नाही. ते गावच्या कार्यकर्त्यास सुचले पाहिजे.

पीकविम्याबाबतही एक बदल ध्यानात ठेवावा. २०२३ च्या खरिपापासून काही हंगाम हा विमा एक रुपयात मिळाला. २०२५ च्या खरिपापासून शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा लागू झाला आहे. फुकट होता तोवर घेतला आणि पैसे पडू लागताच सोडला, असे करणे हिताचे नाही.

याच वयात आणखी एक काम व्हावे. सातबारावर पत्नीचे नाव यावे. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची चळवळ चालविली आणि १९९२ साली शासनानेही त्या दिशेने परिपत्रक काढले. जी स्त्री निंदण-वेचणीत आयुष्य घालविते, तिचे नाव कागदावर नसेल, तर म्हातारपणी सर्वांत निराधार तीच होते.

शिक्षण आणि लग्न

तीस ते पन्नास ही वीस वर्षे संसाराच्या खर्चाची होत. यांतील दोन मोठे खर्च शिक्षणाचे व लग्नाचे. दोन्ही एका पारड्यात घालू नयेत. शिक्षणावर केलेला खर्च मुलाला किंवा मुलीला जन्मभर उपयोगी पडतो. लग्नाच्या मांडवावरील खर्च तीन दिवसांत संपतो आणि त्याचे कर्ज पाच-सात वर्षे फेडावे लागते. हे सांगणारे लोकशिक्षक वऱ्हाडातच होऊन गेले. शेंडगावी जन्मलेले गाडगेबाबा हाती खराटा घेऊन गावोगाव हिंडले आणि ऋण काढून सण-समारंभ करू नका, पण मुलांना शिकवा, असे जन्मभर सांगत राहिले. यावलीच्या तुकडोजी महाराजांनीही साध्या विवाहाचा पुरस्कार केला. त्यांच्या तसबिरी घरोघर आहेत. तरीही साक्षगंधाला एक पंगत, हळदीला दुसरी, लग्नाला तिसरी, असा खर्च वाढतच चालला आहे. हुंडा १९६१ च्या कायद्याने बंद झाला; पण आंदणाच्या व मोटारसायकलीच्या नावाने तो मागल्या दाराने येतच आहे.

लग्नासाठी एकर-दीड एकर वावर विकणारा बाप आपले म्हातारपण विकत असतो. गेलेला एकर परत येत नाही. म्हणून एक लक्ष्मणरेषा प्रत्येक घराने आखून घ्यावी : लग्न, तेरवी अथवा घराचे बांधकाम यांसाठी जमीन विकावयाची नाही आणि गहाणही टाकावयाची नाही. जेवढे साठले असेल, तेवढ्यात कार्य करावयाचे. लोक काय म्हणतील, हा प्रश्न उरतोच. लोक एक दिवस बोलतात. सावकार दर महिन्यास बोलतो.

साठविण्याचा मार्गही उपलब्ध आहे. मुलगी दहा वर्षांची होण्यापूर्वी पोस्टात सुकन्या समृद्धी खाते उघडता येते. त्यात वर्षास किमान २५० रुपये भरावे लागतात आणि भरणा पंधरा वर्षे करावयाचा असतो. समजा, एका कुटुंबाने मुलीच्या जन्मवर्षापासून दर वर्षाच्या आरंभी ६ हजार रुपये भरले. पंधरा वर्षांत ९० हजार रुपये भरले जातील. जानेवारी २०२४ मध्ये लागू झालेला शेकडा ८.२ हा दर टिकून राहिला असे धरल्यास, एकविसाव्या वर्षी पावणेतीन लाखांहून अधिक रक्कम हाती येईल. दर तिमाहीस दर ठरत असल्यामुळे ती थोडी कमी-अधिक होईल. मुलगी अठरा वर्षांची झाली अथवा दहावी उत्तीर्ण झाली, की शिक्षणासाठी शिल्लकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते.

बचतीचा हा धडा वऱ्हाडास नवा नाही. महाराष्ट्रातील बचतगटांचा पहिला प्रयोग १९४७ साली अमरावती जिल्ह्यातील स्त्रियांनी चार-चार आणे जमवून केला, असे सांगितले जाते. आज गावोगाव बचतगट आहेत. मात्र अनेक ठिकाणी खाजगी वित्तसंस्थांकडून एकाच स्त्रीच्या नावे तीन-तीन कर्जे काढून घर चालविले जाते. जुन्या कर्जाचा हप्ता भागविण्यासाठी नवे कर्ज काढावे लागत असेल, तर तेथे बचत राहिलेली नाही, हे गटाच्या अध्यक्षांनी स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

बागेचे वय आणि बागवानाचे वय

अमरावती जिल्ह्याच्या वरुड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर या तालुक्यांतील संत्रा उत्पादकांस वाटते की, आपणांस हा विचार नको. आपली बाग आहे. पण बागेचाही हिशेब मांडून पाहावा. संत्र्याचे कलम लावल्यापासून पाचव्या-सहाव्या वर्षी फळ धरते आणि नीट निगा राखली, तर विसाव्या-पंचविसाव्या वर्षापर्यंत बाग फायद्याची राहते. तिसाव्या वर्षी बाग लावणाऱ्याची बाग तो पंचावन्न वर्षांचा होण्याच्या सुमारास थकते. बाग व बागवान दोघे एकाच वेळी म्हातारे होतात! त्यात वरुड-मोर्शी भागात भूजलाचा अतिउपसा झालेला आहे. विहीर आटली, तर बाग वेळेपूर्वीच वाळते आणि बोअरमागून बोअर करण्यात साठविलेले पाण्याच्या शोधात जाते. म्हणून आंबिया वा मृग बहराच्या चांगल्या वर्षी काही रक्कम नव्या लागवडीसाठी आणि काही म्हातारपणासाठी वेगळी ठेवावी, आणि सबंध बाग एकाच वर्षी न लावता टप्प्याटप्प्याने लावावी.

अकोला जिल्ह्यातील पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्याची गोष्ट याहून निराळी. तेथे विहिरीचे पाणी खारे, ओलित नाही, सारा भरवसा पावसावर. तेथील कुटुंबाने मोठ्या हप्त्याच्या कोणत्याही योजनेत अडकू नये. हप्ता लहान असावा आणि खंड पडला तरी नुकसान होणार नाही असा असावा. दोन शेळ्या किंवा एक गाय हीसुद्धा तेथे राखीव निधीच होय.

निवृत्तिवेतन आणि त्याची मर्यादा

दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या शेतकऱ्यांसाठी २०१९ साली प्रधानमंत्री किसान मानधन योजना सुरू झाली. १८ ते ४० या वयात नाव नोंदविता येते. १८ व्या वर्षी नोंदणी केल्यास महिन्यास ५५ रुपये, २९ व्या वर्षी १०० रुपये आणि ४० व्या वर्षी २०० रुपये हप्ता पडतो. तेवढीच रक्कम केंद्र शासन भरते आणि साठीनंतर महिन्यास ३ हजार रुपये मिळतात. पत्नीचीही स्वतंत्र नोंदणी होऊ शकते. २९ वर्षांच्या जोडप्यास दोघांचे मिळून वर्षाकाठी २,४०० रुपये भरावे लागतील, पी. एम. किसानचे जे ६ हजार रुपये दर वर्षी मिळतात, त्यांच्या निम्म्याहूनही ही रक्कम कमी आहे. ज्यास अधिक भरणे शक्य आहे आणि जो आयकर भरत नाही, त्यास अटल पेन्शन योजनाही खुली आहे. तीत महिन्यास एक ते पाच हजारांपर्यंत निवृत्तिवेतनाची हमी आहे.

असे असले, तरी एवढ्यावर निश्चिंत होणे चूक ठरेल. महागाई वर्षास शेकडा ६ ने वाढत गेली असे धरले, तर ३१ वर्षांनी ३ हजार रुपयांची खरेदीची शक्ती आजच्या सुमारे ५०० रुपयांएवढी उरेल. उभयतांचे सहा हजार म्हणजे आजचे हजार रुपये. त्यात मीठ-मिरची व औषधगोळी भागेल. संसार भागणार नाही. कार्यकर्त्यांनी योजनेचा प्रचार करताना ही मर्यादा लपवू नये. अर्धवट सांगितलेली चांगली गोष्टही पुढे फसवणूक वाटते. निवृत्तिवेतन, पोस्टातील शिल्लक आणि जमिनीचे उत्पन्न हे तिन्ही मिळून म्हातारपण निभावते. एकट्याने कोणतेही निभावत नाही.

वाटणी करावी, पण सर्वस्व देऊ नये

वृद्धापकाळातील सर्वांत मोठी चूक बहुधा मायेपोटी होते. मुले भांडू नयेत म्हणून बाप सारी जमीन त्यांच्या नावे करून देतो. त्यानंतर ‘आई कोणाकडे आणि बाप कोणाकडे’ हा प्रश्न उभा राहतो. वाटणी अवश्य करावी; महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ८५ अन्वये तहसीलदारांमार्फत ती करता येते. परंतु एक वाटा म्हातारा-म्हातारीने शेवटपर्यंत स्वतःच्या नावे ठेवावा. तो मक्त्याने वा बटईने मुलासच द्यावा, पण सातबारा आपला असावा. मुलींना वगळू नये. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत त्यांना मुलांइतकाच हक्क आहे, आणि आज डावललेला हक्क उद्या दिवाणी दाव्याच्या रूपाने दारी येतो.

जमीन बक्षीसपत्राने द्यावयाचीच असेल, तर ‘घेणाऱ्याने देणाऱ्याचे पालनपोषण करावे’ अशी अट त्याच कागदात लिहून घ्यावी. अशी अट मोडल्यास ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ अन्वये ते हस्तांतरण रद्द करून मागता येते. आपल्या हिश्श्यापुरते मृत्युपत्र साध्या कागदावरही करता येते; दोन साक्षीदारांसमक्ष सही अथवा अंगठा पुरेसा होतो. मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते, बक्षीसपत्र तसे बदलत नाही, हा भेद प्रत्येक वृद्धास समजावून सांगितला पाहिजे. बँकेच्या व पोस्टाच्या खात्यास नामनिर्देशन झाले आहे किंवा नाही, हेही एकदा पाहून घ्यावे.

कार्यकर्त्यांचे कर्तव्य

ग्रामपातळीवरील कार्यकर्ता वर्षभर बियाणे, खते, फवारणी यांविषयी सांगतो. पिकाचे उत्पन्न एकरी एक क्विंटलने वाढविण्यासाठी तो जितका झटतो, तितकाच त्या क्विंटलाचा पैसा घरात टिकविण्यासाठीही त्याने झटावे. उलंगवाडीनंतर, पेरणीपूर्वीच्या मोकळ्या दिवसांत, प्रत्येक गावी एक हिशेबाची बैठक घ्यावी. तीत स्त्रियांनाही बोलवावे. प्रत्येक कुटुंबास चार प्रश्न विचारावेत : कर्ज किती व कोणाचे? विमा चालू आहे काय? पुढील दहा वर्षांत मोठे खर्च कोणते? आणि साठीनंतर महिन्याचा खर्च कोठून येईल? शेवटच्या प्रश्नास बहुतेक घरांत प्रथम मौनच मिळेल. त्या मौनापासूनच कामाचा आरंभ व्हावयाचा आहे.

आणि चाळिशी ओलांडलेल्यांस ‘आता उशीर झाला’ असे सांगून परत पाठवू नये. त्यांची मानधन योजनेची वेळ गेली असेल. पण कर्ज फेडणे, जमीन न विकणे आणि आपला सातबारा आपल्या नावे राखणे, या तीन गोष्टींची वेळ कधीच जात नाही. ज्याच्या हाती यापैकी काहीच उरले नाही, अशा वृद्धास श्रावणबाळ अथवा संजय गांधी योजनेचा अर्ज भरून देणे, हे कार्यकर्त्याचेच काम होय.

शेतकरी बियाणे निराळे काढून ठेवतो. घरात कितीही चणचण असली, तरी बियाण्याच्या पोत्यास तो हात लावीत नाही. कारण ते खाल्ले तर पुढचे वर्ष नाही, हे त्यास पक्के ठाऊक असते. म्हातारपणासाठी राखलेला पैसाही त्याच पोत्यात ठेवला पाहिजे.